मुदतीचे दिवस



प्रवेशाच्या वेळी तुम्हाला जे वेळापत्रक मिळाले, त्यात तीन प्रकारच्या तारखा आहेत : संपर्कसत्रांच्या, स्वाध्याय सादर करण्याच्या आणि परीक्षेच्या. वाचनाची तारीख त्यात कोठेही नाही. ती नसावी, हे मला मान्य आहे. प्रौढ माणसाने कोणते पुस्तक कोणत्या दिवशी उघडावे, हे दुसऱ्याने ठरवणे बरे नव्हे. पण कोरी ठेवलेली जागा बहुधा कोरीच राहते. महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून मी गेली अनेक वर्षे रविवारी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून जात आले आहे. स्वाध्यायांचे गठ्ठे तपासताना शेवटच्या दोन दिवसांत लिहिलेला निबंध पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो. अक्षरावरून नव्हे, वाक्यांवरून.

‘प्रस्तुत साहित्यकृतीत लेखकाने समाजातील अनिष्ट रूढींवर परखड प्रकाश टाकला आहे’ हे वाक्य घ्या. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीही उणे नाही. ते कादंबरीला चालते, नाटकाला चालते, आणि यांपैकी काहीच न वाचलेल्या माणसालाही लिहिता येते. भाषेच्या अभ्यासकाला त्यातली एक गोष्ट खटकते. हे वाक्य कोणीच कोणाला कधी बोललेले नसते. आणि ते लिहिणारी व्यक्ती कोण असते? रुग्णालयातील परिचारिका, एस. टी.चा वाहक, अंगणवाडीतील ताई, सूतगिरणीतून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ. चहाच्या सुट्टीत हीच माणसे आपल्या वरिष्ठाचे, सासरच्या मंडळींचे, गावच्या सरपंचाचे वर्णन अशा नेमक्या आणि जिवंत भाषेत करतात की कादंबरीकाराने टिपून घ्यावे. निबंधात मात्र ही भाषा कुठे जाते? माझ्या मते ती जाते ती दिवसांच्या टंचाईत. वाचणे, त्याविषयी बोलणे आणि मग लिहिणे या तीन क्रिया एकाच आठवड्यात कोंबल्या, की बोलण्याची क्रिया पहिल्यांदा गळते, मग वाचण्याची. आणि उरलेले लेखन मार्गदर्शकांतून गोळा केलेल्या वाक्यांनी भरावे लागते. म्हणून या लेखात मी साहित्याविषयी थोडे आणि दिवसांविषयी अधिक बोलणार आहे.

आधी एका शब्दाकडे पाहू. ‘मुदत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ काळाचा विस्तार, कालखंड असा आहे. बँकेत ‘मुदत ठेव’ ठेवताना आपण याच अर्थाने तो वापरतो : पैसा काही काळ तेथे पडून राहतो, आणि पडून राहतो म्हणूनच वाढतो. विद्यार्थ्याच्या तोंडी मात्र ‘मुदत वीस तारखेची आहे’ असे येते तेव्हा त्या शब्दाचा सगळा विस्तार आक्रसून एका दिवसाएवढा झालेला असतो. गंमत अशी, की ‘अवधी’ या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. संस्कृतात ‘अवधि’ म्हणजे मुख्यतः सीमा, मर्यादा. मराठीत आपण ‘थोडा अवधी द्या’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मधला वेळ असा होतो. सीमेचा शब्द काळाचा झाला आणि काळाचा शब्द सीमेचा झाला. शब्दांचे असे होतच असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्वाध्यायापुरता तरी ‘मुदत’ हा शब्द तुम्ही ठेवीच्या अर्थाने वाचावा, अशी माझी विनंती आहे.

आता प्रत्यक्ष नियोजन. त्यासाठी वेगळी वही, रंगीत तक्ते यांची गरज नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जे कॅलेंडर असते, ज्यावर दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख लिहिलेली असते, तेच घ्या. त्यावर पहिल्यांदा वाचनाचे दिवस लिहू नका. ज्या दिवशी वाचन होणारच नाही, ते दिवस आधी खोडा. गौरी-गणपती, दिवाळी, घरातले लग्न, मुलाची सहामाही परीक्षा, शेती असेल तर पेरणीचे किंवा सुगीचे दिवस, नोकरीतली रात्रपाळी, मार्चमधील हिशेबाची धांदल. संकोच करू नका. नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला हे दिवस खोडावे लागत नाहीत, तुम्हाला लागतात. सोळा आठवड्यांचे सत्र धरले आणि त्यांतले चार असे गेले, तर तुमच्याजवळ बारा आठवडे आहेत. ही वस्तुस्थिती पहिल्याच दिवशी कळलेली बरी.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःची गती मोजणे. घड्याळ लावून नेमलेल्या पुस्तकाची दहा पाने वाचा. घाईने नको, नेहमीसारखी. अर्धा तास लागला, तर तुमची गती तासाला वीस पाने. चारशे पानांच्या कादंबरीला वीस तास लागतील. आठवड्याला चार तास मिळत असतील, तर पाच आठवडे. हे गणित तिसरीच्या मुलाचे आहे. पण ते न करताच ‘दिवाळीच्या सुट्टीत कादंबरी संपवीन’ असे म्हणणारे पदवीधर मी पुष्कळ पाहिले आहेत. कृपा करून ‘रोज वीस पाने’ असा नेमही करू नका. तो तिसऱ्या दिवशी मोडतो, चौथ्या दिवशी चाळीस पानांची थकबाकी होते, आणि आठवड्याच्या शेवटी पुस्तकाकडे पाहावेसे वाटत नाही. हिशेब आठवड्याचा ठेवा. बुधवारी काहीच झाले नाही, तर शनिवारी होईल.

परंतु पाने मोजून सगळेच काम भागत नाही. प्रत्येक साहित्यप्रकाराचा स्वतःचा असा काळ असतो, आणि नियोजन चुकते ते बहुधा येथे. आपल्या अभ्यासक्रमात येतात तशा चार कृती कल्पून पाहू : ‘लीळाचरित्रा’तील निवडक भाग, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’, विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि बहिणाबाई चौधरी यांच्या कविता. या चारांना प्रत्येकी तीन आठवडे अशी समान वाटणी कॅलेंडरवर छान दिसते. ती चारही कृतींवर अन्याय करते.

नाटकापासून सुरुवात करते, कारण ते सर्वांत कमी जागा मागते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. एक हौशी नाट्यसंस्था गावात प्रयोगासाठी आली आहे, प्रयोगाला वेळ आहे, तेवढ्यात खेळ म्हणून एक खोटा खटला उभा राहतो आणि लीला बेणारे आरोपी होते. पहिल्या अंकातली थट्टा तिसऱ्या अंकापर्यंत शिकार झालेली असते, आणि मध्ये कोठेही ‘आता थट्टा संपली’ अशी पाटी लागत नाही. दर आठवड्याला एक अंक वाचलात तर ती सरमिसळ तुम्हाला जाणवणारच नाही. प्रत्येक वेळी तुम्ही ताजेतवाने होऊन आत शिराल. या नाटकात दाराची कडी अडकते आणि पात्रांना बाहेर पडता येत नाही. वाचकानेही दार लावून घ्यावे. एक रविवार, दोन-अडीच तास, एक बैठक. शक्य असेल तर घरात कोणाला तरी दोन भूमिका देऊन मोठ्याने वाचा. ‘वाचणे’ या क्रियापदाच्या मुळाशी ‘वाच्’ म्हणजे वाणीच आहे. मनातल्या मनात वाचणे ही पुढची सोय आहे. दोन आठवड्यांनी आणखी एक बैठक करा. नाटकाचे काम दोन रविवारांत झाले.

‘लीळाचरित्रा’चे नेमके उलटे. तेराव्या शतकातले हे गद्य बैठक मारून वाचायला जाल तर तासाभरात पुस्तक मिटाल. ‘म्हणौनि’, ‘तेथ’ असली रूपे, आज नाहीशा झालेल्या क्रियापदांच्या घडणी, वाक्यांतून कर्ता अदृश्य होण्याची सवय, यांमुळे पहिल्या चार-पाच लीळांना प्रत्येकी पाऊण तास लागला तरी नवल नाही. येथे तुमची तासाला वीस पानांची गती उपयोगी पडत नाही. मात्र लीळा लहान असतात. रोज पंधरा मिनिटांत एक लीळा, असे महिनाभर केले की कान तयार होतो. मी मुद्दाम कान म्हणते. भाषेच्या जुन्या रूपांची ओळख शब्दार्थांच्या यादीतून होत नाही, ती पुन्हापुन्हा कानांवर पडण्यातून होते. नव्या गावी राहायला गेल्यावर तिथल्या बोलीची होते तशी. तेव्हा हा ग्रंथ पहिल्याच आठवड्यात उघडा आणि मंद आचेवर ठेवून द्या. शेजारच्या शेगडीवर कादंबरी चढवायला हरकत नाही. एका वेळी एकच पुस्तक वाचावे असा एक शाळकरी समज आहे. घर चालवणाऱ्या माणसाने तो बाळगण्याचे कारण नाही.

बहिणाबाईंच्या कवितांना तर कॅलेंडरवर जागाच देऊ नका. शेतात आणि जात्यावर काम करताना, खानदेशातील लेवा बोलीत, निरक्षर बाईने रचलेली ही गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती कामाच्या सोबतीने जन्मली, तशीच वाचावीत. एक कविता सकाळी वाचावी आणि दिवसभर हात कामात असताना आठवून पाहावी. जेथे ओळ अडेल तेथे संध्याकाळी पुस्तक उघडावे. सत्र संपेपर्यंत वीस-पंचवीस कविता तुमच्या मुखी असतील आणि त्यासाठी तुम्ही एकही वेगळा तास दिलेला नसेल. (अभ्यासक्रमात दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ असते तर मी सांगितले असते की ज्या महिन्यावरचा लेख त्याच महिन्यात वाचा, मग सत्र संपले तरी चालेल. पण ते अभ्यासक्रम आखणाऱ्यांना परवडणारे नाही.)

राहिली कादंबरी, आणि तिच्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. याचा अर्थ असा, की तिच्या पहिल्या वाचकांना ती एकदम मिळालीच नाही. यमूच्या माहेरचा एक प्रसंग वाचायचा आणि पुढच्या अंकाची वाट पाहायची. त्या मधल्या दिवसांत घरात काय बोलले जात असेल, कोण मोठ्याने वाचून दाखवत असेल, कोण दाराआडून ऐकत असेल, याची कल्पना करा. कादंबरीचा घाटच त्या वाट पाहण्याला धरून आहे. यमू सावकाश सांगते, आडवळणे घेते, मध्येच मागचे आठवते, वाचणाऱ्याशी बोलते. आजचा विद्यार्थी तीन दिवसांत ही कादंबरी संपवू पाहतो तेव्हा तो कंटाळतो, आणि दोष लेखकाच्या पाल्हाळाला देतो. पाल्हाळ आहे, नाही असे नाही. पण आठवड्याला चाळीस-पन्नास पाने घेतली तर तोच पाल्हाळ सहवासासारखा वाटू लागतो. पाच आठवडे मागणाऱ्या या कादंबरीला म्हणून मी आठ आठवडे देते.

त्या जास्तीच्या तीन आठवड्यांचे आणखी एक कारण आहे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासकेंद्रावर पंचेचाळिशीच्या एक बाई येत. लग्नामुळे अर्धवट सुटलेले शिक्षण मुले मोठी झाल्यावर पुन्हा सुरू केलेल्या. ठरवलेली पाने नेमाने वाचून येणाऱ्या. एका रविवारी त्या वाचन न करता आल्या, पुढच्या रविवारीही तसेच. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “मॅडम, केस काढतात तिथपर्यंत आले. पुढे जाववत नाही.” यमू विधवा झाल्यानंतर शंकरमामंजी बळजबरीने तिचे केशवपन करवतात, तो प्रसंग. मी त्यांना घाई केली नाही. त्यांच्या कॅलेंडरवर दोन आठवडे मोकळे होते, ते वापरू दिले.

तिसऱ्या रविवारी या कादंबरीवर चर्चा होती. वर्गातल्या दोन-तीन पुरुष विद्यार्थ्यांचे म्हणणे असे पडले की शंकरमामंजी हे पात्र फार भडक झाले आहे, इतका दुष्ट माणूस खरा वाटत नाही. मुद्दा अगदीच गैर नव्हता. समीक्षकाने विचारावा असाच तो प्रश्न आहे. त्यावर या बाई बोलल्या. त्यांचे लग्न झाले तेव्हा सासरी आजेसासूबाई होत्या. लाल आलवण, डोक्यावरून पुढे ओढलेला पदर. “तो पदर मी कधी मागे सरकलेला पाहिला नाही. आणि त्यांच्याशी असं कुणी वागलं, त्याचं नाव घरात कुणीच घेत नव्हतं. सगळे चांगलेच होते ना आमच्याकडे.” शेवटचे वाक्य त्यांनी साधेपणाने उच्चारले. वर्गात कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ज्यांनी भडकपणाचा मुद्दा मांडला होता त्यांनीच विचारले की मग प्रसंगाच्या वेळी घरातले बाकीचे लोक काय करत असतात, ते आपण पुस्तकात पाहायचे का? आणि आम्ही पाने उलटू लागलो.

त्या बाईंचा स्वाध्याय ‘घरातील न बोलणारी माणसे’ या विषयावर होता. त्यात ‘अनिष्ट रूढींवर प्रकाश’ हे शब्द नव्हते. यमूच्या भोवतालच्या ज्या व्यक्ती दुष्ट नाहीत, त्या नेमक्या कोणत्या क्षणी गप्प बसतात, याची त्यांनी प्रसंगवार मांडणी केली होती. कादंबरीच्या शीर्षकातला प्रश्न कोणाला उद्देशून आहे, इथपर्यंत त्या स्वतःच्या पायांनी पोचल्या होत्या. सगळे वेळापत्रक पानांच्या हिशेबाने घट्ट बांधलेले असते, तर त्या दोन आठवड्यांत त्यांनी तो प्रसंग उडी मारून ओलांडला असता आणि निबंध वेळेवर, नीटनेटका आला असता.

येथे चर्चेचा विषय आपोआप निघाला. पुष्कळ विद्यार्थी विचारतात की सगळे पुस्तक वाचून झाल्याशिवाय चर्चेला यावे का? अवश्य यावे. कादंबरी अर्धी झालेली असताना केलेली चर्चा पूर्ण झाल्यानंतरच्या चर्चेपेक्षा मला अधिक उपयोगाची वाटते, कारण तेव्हा पुढचे माहीत नसल्यामुळे माणसे प्रश्न विचारतात. पूर्ण झाल्यावर निकाल देतात. एकच अट आहे. येण्यापूर्वी चार ओळी लिहून आणा : कोणत्या पानावर थांबलात, तेथे काय होते, आणि काय कळले नाही. लिहिलेले नसले की वर्गात पहिला जो मोठ्याने बोलतो त्याचे मत सगळ्यांचे होते. पहिला बोलणारा बहुधा पुरुष असतो आणि बहुधा त्याने पुस्तक कमी वाचलेले असते. हे माझे निरीक्षण आहे, नियम नव्हे.

संपर्कसत्रे मोजकीच असतात, आणि तुमच्यापैकी काहींना तालुक्याच्या गावी येण्यातच अर्धा दिवस जातो, हे मी जाणते. तरी चर्चेसाठी वर्गच लागतो असे नाही. भ्रमणध्वनीवरचा गट आहेच. तेथे मात्र सुप्रभाताच्या चित्रांना बंदी करून आठवड्याचा एकच वार पुस्तकासाठी राखून ठेवा. त्याहून चांगले म्हणजे ज्याने पुस्तक वाचलेले नाही अशा माणसाला ते सांगणे. ‘लीळाचरित्र’ घडले ते अशा सांगण्यातूनच. चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते अशांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. एकच लीळा दोघांनी निराळी सांगितली तर तो फरकही पोथ्यांतून टिपलेला आढळतो. मराठी गद्याच्या आरंभीचा हा थोर ग्रंथ म्हणजे एका परीने विचारणे, ऐकणे आणि ताडून पाहणे यांचीच वही आहे. तुमच्या सासूबाईंना, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला, बसमधल्या रोजच्या सोबत्याला बेणारेबाईंची गोष्ट सांगून पाहा. ती सांगताना तुम्ही काय गाळता आणि ऐकणारा कोठे ‘पण मग तिने असे का केले?’ म्हणून अडवतो, त्या दोन जागा लिहून ठेवा. निबंधाचा विषय बहुधा त्यांच्याच आसपास असतो.

लेखनाचे दिवस मी शेवटच्या तारखेपासून मागे मोजते. स्वाध्याय विसाव्या तारखेला द्यायचा असेल, तर अठराव्या तारखेला पक्की प्रत तयार हवी. दोन दिवस पावसासाठी, चुकलेल्या बससाठी, संपलेल्या कागदांसाठी. पक्की प्रत काढायला दोन संध्याकाळी. त्याआधी चार दिवस कच्चा खर्डा कपाटात ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. म्हणजे खर्डा बारा तारखेला पूर्ण झाला पाहिजे आणि त्यापूर्वी त्याला आठवडा मिळाला पाहिजे. मग सुरुवात आली पाच तारखेला. या हिशेबात सर्वांना छाटावेसे वाटतात ते मधले चार दिवस. ते छाटू नका. लिहिलेल्या दिवशी आपले प्रत्येक वाक्य आपल्याला बरोबर वाटते, कारण कागदावर जे नाही तेही डोक्यात ताजे असते. चार दिवसांनी डोक्यातले ओसरते आणि कागदावर जेवढे आहे तेवढेच दिसू लागते. त्या वेळी खर्डा मोठ्याने वाचा. जे वाक्य उच्चारताना तुम्हाला परक्याचे वाटेल त्याखाली रेघ मारा. तेथे तुम्हाला खरोखर काय म्हणायचे होते, ते चहा पिता पिता कोणाला सांगितले असते तसे एकदा बोलून पाहा आणि मग प्रमाणभाषेत लिहा. प्रमाणभाषा म्हणजे उसनी भाषा नव्हे.

खर्ड्याचे पहिले पान मात्र या आठवड्याची वाट पाहत बसू नये. कादंबरी अर्धी झाली असेल त्याच सुमारास ते लिहून टाका, शेवट काय होणार हे ठाऊक नसताना. पुढे त्यातले तीन चतुर्थांश खोडावे लागेल. जे एक चतुर्थांश उरेल ते कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही.

आणि हे सगळे करूनही तारीख चुकली तर? आजारपणे येतात, बदल्या होतात, घरात कोणी जाते. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासकेंद्राला कळवा, कारण न कळवता गैरहजर राहिलेला विद्यार्थी परत येणे फार अवघड असते. अभ्यासापेक्षा संकोचच त्याला अधिक अडवतो. दुसरे, मागचे सारे भरून काढण्याच्या फंदात पडू नका. राहिलेली पाने माफ करा आणि चालू आठवड्यात उतरा. लीळा दहा सुटल्या तर सुटू द्या, अकरावी वाचा. कादंबरीची शंभर पाने राहिली असतील तर सोबत्याकडून त्यांची गोष्ट ऐका आणि पुढचे स्वतः वाचा. सुट्टी लागली की मागे या. फक्त नाटकाच्या बाबतीत ही सवलत मी देत नाही. त्याला एक रविवार लागतो, आणि सोळा आठवड्यांत एक रविवार निघतो.

स्वाध्याय सादर करताना त्याची छायाप्रत स्वतःजवळ ठेवा. तपासलेली प्रत तुमच्या हाती येईल तेव्हा मध्ये बरेच दिवस गेलेले असतील. गुण पाहून झाल्यावर ती बाजूला ठेवू नका. समासात समंत्रकांनी कोठे प्रश्नचिन्ह केले असेल, कोठे ‘कशावरून?’ एवढेच लिहिले असेल. पुस्तक पुन्हा उघडा, ते पान काढा आणि त्या ‘कशावरून’चे उत्तर दोन-तीन ओळींत त्याच समासात लिहा. पुढच्या संपर्कसत्राला येताना ते पान घेऊन या. समंत्रकांना दाखवा. त्यांनाही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर क्वचितच मिळते.